आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

अगं, आईचा फोन आला होता. तुझ्या होंडा सिटीचं इंजिन गेलं, मेकॅनिक म्हणतोय दुसरं आणून बसवतो, आणि तू हो म्हणायच्या बेतात आहेस, एवढं कळलं. हो म्हण, मी आडवी येत नाही. पण तुझ्यासारख्या ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन बदलणं वेगळं आणि गिअरवाल्या गाडीचं वेगळं. हा फरक लोकांच्या लक्षात येतो तो बिल भरून झाल्यावर. आमच्या गॅरेजचा हिशोब मी लिहिते, तेव्हा दुरुस्त होऊन गेलेली कुठली गाडी महिन्याभरात कण्हत परत आली हे तुझ्या दाजींपेक्षा मला जास्त पाठ असतं. त्या वहीच्या जोरावर सांगते. अशा कामात इंजिनाची चौकशी सगळे करतात, जुन्या गिअरबॉक्सची कुणी करत नाही. तू आधी गिअरबॉक्सची कर.

झालं काय ते आईच्या बोलण्यावरून मला कळलंच. मळवलीकडून येताना रस्त्यावर पाणी होतं, पुढची बोलेरो गेली म्हणून तूही घातलीस, मध्येच गाडी बंद पडली आणि तू पुन्हा स्टार्टर मारलास. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारं पिस्टन पाण्यावर अडतं आणि खालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तेव्हा रॉड कदाचित वाचलाही असेल, पण पुन्हा स्टार्टर मारल्यावर त्याची खात्री उरत नाही. जाऊ दे, तुला बोलायला हे लिहीत नाहीये.

बोलायचंय ते पुढचं. गाडी जर दाराच्या पट्टीपर्यंत पाण्यात उभी होती, तर पाणी फक्त इंजिनापुरतं थांबलं असेल असं धरून चालू नकोस. गिअरबॉक्सलाही श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात एकदम थंड झाला की त्या नळीतून पाणी आत ओढून घेतो. आतल्या क्लच प्लेटांना चिकटवलेलं अस्तर कागदाच्या जातीचं असतं. तेलात ते वर्षानुवर्षं टिकतं, पण पाणी लागलं की गोंद सुटायला लागतो. असा गिअरबॉक्स लगेच मरत नाही. नवं इंजिन बसतं, गाडी झोकात निघते, आणि दोन-तीन महिन्यांनी चढावर गिअर सुटायला लागतो. मग मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन माझं ठणठणीत आहे, गिअरबॉक्सचं मी बोललो नव्हतो.’ त्याचंही खरंच असतं.

म्हणून पैसे देण्याआधी एक काम करायला लाव. गिअरबॉक्सचं तेल खाली काढायचं. इंजिन मेलेलं असलं तरी हे होतं. ड्रेन बोल्ट सोडला की आधी दोन थेंब पांढऱ्या कागदावर घे. लाल किंवा लालसर तपकिरी, पारदर्शक, चांगलं. काळपट आणि जळका वास, वाईट. गुलाबी, गढूळ, फेसाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग इंजिनाचं बोलणं तिथंच थांबव. त्या बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर मऊ काळी पेस्ट असणं अगदी साधं आहे, ती प्लेटांची रोजची झीज. पण बोटांत चोळल्यावर कणी लागली, उन्हात चमकणारे तुकडे दिसले, तर आत कुठलंतरी बेअरिंग किंवा दात गेलेला आहे.

आणि आठव जरा, गाडी चालू होती तेव्हा कशी वागायची? सकाळी डी टाकल्यावर लगेच पकडायची, की एक-दोन सेकंद विचार करून धक्का द्यायची? खंडाळ्याच्या घाटात अमृतांजनच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर जायचा आणि गाडी मात्र तिथंच, असं व्हायचं का? रिव्हर्सला उशीर लागायचा का? शनिवारी खंडाळ्याच्या घाटात तास-दीड तास रांगत चढल्यावर कधी जळका वास आला होता का? खोपोलीपासून घाटमाथ्यापर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे, आणि गर्दीत तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढावा लागतो. सपाटीवर पुण्या-मुंबईत फिरणाऱ्या सिटीच्या गिअरबॉक्सपेक्षा आपल्या भागातला गिअरबॉक्स लवकर म्हातारा होतो. यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर तुझा गिअरबॉक्स आधीच थकलेला होता. त्याला नवं इंजिन जोडण्यात मला अर्थ दिसत नाही. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं मिळतात का बघायचं, नाहीतर गाडी आहे तशी विकायची.

अजून एक. गाडी तिथून गॅरेजपर्यंत नेली कशी? दोरी बांधून पिकअपनं ओढली असेल तर किती अंतर आणि किती वेगानं, ते विचार. सिटीची पुढची चाकं ओढतात. ती जमिनीवर फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं, तर गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले गिअर कोरडे घासत राहतात. पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवून नेली असेल तर काळजी नाही. आता यापुढे ती कुठंही हलवायची झाली तर ट्रेलरच सांग.

समजा गिअरबॉक्स चांगला निघाला. तरी लगेच दुसरं इंजिन घेऊ नकोस. आधी तुझंच उघडून बघायला सांग. ब्लॉकला भोक पडलं नसेल, एकच रॉड वाकला असेल आणि सिलिंडरची भिंत फार ओरखडली नसेल, तर रॉड-पिस्टन बदलून, गरज पडली तर बोअर करून तेच इंजिन उभं राहतं. मेकॅनिकला हे आवडत नाही. त्यात लेथवाल्याकडे फेऱ्या आहेत, वेळ आहे, आणि दुसरं इंजिन विकण्यातला नफा नाही. तुला मात्र फायदा असा की इंजिन नंबर तोच राहतो, आरटीओच्या दारात जावं लागत नाही. माझं मत विचारशील तर ब्लॉक शाबूत असेल तोवर मी स्वतःचंच इंजिन बांधून घेईन.

ब्लॉकच गेला असेल तर मग दुसरं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांतून जुनी इंजिनं मिळतात, पुण्यात नाना पेठेत चौकशी होते. तिथं ‘सिटीचंच आहे मॅडम, एल१५’ एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझी २०१२ ची. २००३ ते २००८ मधली जी सिटी होती तिच्या बहुतेक गाड्यांतल्या इंजिनाला एका सिलिंडरला दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग असतात आणि ताकद ७७ पीएस. तुझ्या गाडीचं आय-व्हीटेक, प्लग चार, ताकद ११८ पीएस. दोन्ही पंधराशे सीसी, दोन्हींना एल१५ म्हणतात, आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. प्लग मोजले तरी अर्धी फसवणूक टळते. दुसरं असं की त्या जुन्या सिटीच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला गिअरबॉक्स, होता आणि २०१४ पासूनच्या सिटीतही सीव्हीटीच आला. मधल्या तुझ्या गाडीला मात्र पाच गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स आहे. तुझ्यासारखं इंजिन ऑटोमॅटिक गाडीतूनच काढलेलं मिळणं अवघड. बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा मॅन्युअल गाडीचं. तेही चालतं, फक्त पुढे सांगते ते जोडाचं काम जास्त काळजीनं करायचं.

इंजिन घेताना विकणाऱ्याकडून पक्कं बिल, आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत घे. नंबर ठोकलेला भाग स्वतः बघ, तिथं ग्राइंडर फिरवलेला दिसला तर पाठ फिरव. चोरीच्या गाड्यांची राष्ट्रीय नोंद ‘वाहन समन्वय’वर असते, तिथं इंजिन नंबर टाकून बघता येतो. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं मोजून दाखवायला सांग. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघ.

आता खरं दुखणं. जोडाचं.

मॅन्युअल गाडीत क्लच असतो, इंजिन आणि गिअरबॉक्स घर्षणानं जोडले जातात. तुझ्या गाडीत मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, डोनटच्या आकाराचं लोखंडी भांडं, आत तेल. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, तेल उसळतं, त्यानं दुसऱ्या बाजूची पाती फिरतात. तुझ्या दाजींना ही गोष्ट सांगायला फार आवडते की ही कल्पना मोटारीसाठी नव्हतीच. हेरमान फॉटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९०५ मध्ये जहाजाची टर्बाइन पंख्याला जोडण्यासाठी ती काढली. असो. मुद्दा हा की आपल्या घाटात आगगाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात तसं हे काम नाही. तिथं कपलिंग झालं, नळ्या जोडल्या की सदतिसास एकचा चढ चढायला गाडी मोकळी. इथं जोड लागलेला दिसतो आणि आत काहीतरी चिरडलेलं असतं.

मॅन्युअल इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील आणि क्लच येतो, तो काढायचा. त्या जागी तुझ्या जुन्या इंजिनाची पातळ ड्राइव्ह प्लेट लावायची. ही प्लेट हातात घेऊन बोल्टच्या भोकांभोवती नीट बघायला सांग, केसाएवढी चीर असली तरी नवी घ्यायची. क्रँकच्या टोकाच्या भोकात मॅन्युअलचं छोटं बेअरिंग किंवा बुश असेल तर काढायचं. तिथं कन्व्हर्टरचं नाक जातं, बुश राहिलं तर ते आत बसत नाही. आणि ब्लॉकच्या मागच्या तोंडावर दोन पोकळ पिना असतात, डॉवेल म्हणतात. त्या जुन्या ब्लॉकमध्येच राहून जातात, आणि भंगारवाला त्या ब्लॉकसकट घेऊन जातो. बोल्ट लावले की गिअरबॉक्स बसल्यासारखा दिसतो, पण पिना नसतील तर तो मध्यावर बसत नाही. मग पुढचं सील सारखं गळत राहतं आणि कारण कुणाला सापडत नाही. त्या दोन पिना डोळ्यांनी बघ.

पुढचं सगळ्यात महत्त्वाचं. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर चढवतात, आत थोडं तेल घालून. तो एका दमात बसत नाही. आत दोन शाफ्टांचे दात आणि तेलपंपाची खाच, अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. हातानं फिरवत, हलकं दाबत राहिलं की टक करून एक पायरी आत जातो, मग दुसरी, मग तिसरी. घाईत दुसऱ्या पायरीवरच थांबलेला कन्व्हर्टर पूर्ण बसल्यासारखा वाटतो. आता इंजिन आणि गिअरबॉक्स जवळ आणले की मध्ये फट राहते, आणि तिथं मेकॅनिक हाउसिंगचे बोल्ट आवळून ती फट बंद करतो. बोल्टच्या जोरानं कन्व्हर्टर पंपावर दाबला जातो आणि पंप फुटतो. नव्या इंजिनाची किल्ली फिरवायच्या आधीच गिअरबॉक्स गेलेला असतो.

त्याला एवढंच सांग: हाउसिंग हातानं ढकलून ब्लॉकला टेकलं पाहिजे, बोल्टनं ओढायचं नाही. टेकल्यावर, ड्राइव्ह प्लेटचे बोल्ट लावायच्या आधी कन्व्हर्टर बोटानं मोकळा फिरला पाहिजे, आणि प्लेट व त्याच्यामध्ये काही मिलिमीटरची जागा दिसली पाहिजे. मग बोल्ट लावताना तो पुढे येऊन प्लेटला मिळतो. हे बोल्ट छोटे असतात, सगळे आधी अर्धे आणि मग समोरासमोर पूर्ण आवळायचे. तू तिथं दिवसभर उभी राहू शकणार नाहीस, पण बोटानं कन्व्हर्टर फिरतोय तेवढा दहा सेकंदांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर माग. चांगला मेकॅनिक हसून पाठवेल. चिडला, तर तेही उत्तरच आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे झालेच आहेत तर क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील नवीन घाल. सीलची किंमत थोडी, पुन्हा तिथपर्यंत पोचायची मजुरी भरमसाट. इंजिनाची माउंटिंगही बघून घे. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला डी-मध्ये उभी असते, इंजिनावर सतत ओढ असते, म्हणून थकलेली माउंटिंग आधी ऑटोमॅटिकमध्ये बोलतात. रेडिएटर तुझाच ठेव, मॅन्युअलच्या रेडिएटरमध्ये गिअरतेल थंड करायची सोय नसते. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर, इनटेक सगळं तुझ्याच गाडीचं. किल्लीचं इमोबिलायझर त्या ईसीएमशी बांधलेलं आहे आणि गिअर कधी बदलायचा हेही इंजिनाच्या माहितीवरच ठरतं. तेल होंडाचंच, डीडब्ल्यू-१. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं सुटं तेल घालू देऊ नकोस. आणि पातळी मोजायची पद्धत तुझ्या मॅन्युअलमध्ये बघ. होंडात गाडी गरम करून, बंद करून, मिनिटभरानं मोजतात. इतर गाड्यांसारखी चालू ठेवून मोजली तर चुकीचं वाचन येतं आणि तेल कमी-जास्त होतं.

गाडी हातात आली की लगेच घाटात घालू नकोस. आधी पार्किंगमध्ये उभी असताना कान दे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा कुंईऽ असा आवाज पी-मध्येही येत असेल तर पंप दुखावलाय. ठराविक लयीत टकटक असेल तर ड्राइव्ह प्लेट किंवा तिचा बोल्ट. मग वडगावच्या आसपास जुन्या हायवेनं सपाटीवर सावकाश जा-ये कर, गरम झाल्यावर पुन्हा ऐक. सगळं ठीक वाटलं तर कामशेतचा छोटा चढ, आणि खंडाळा सगळ्यात शेवटी. उतरताना ब्रेकवरच भिस्त ठेवू नकोस, स्टिअरिंगमागची पॅडल कशाला दिलीत? रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेव. सकाळी जोडाखाली लाल थेंब दिसला तर गिअरबॉक्सचं सील, काळा-तपकिरी दिसला तर क्रँकचं. थेंबाचा फोटो मेकॅनिकला पाठव, वाद घालावा लागत नाही.

आता कागद. बिलात इंजिन नंबर, काय काय बदललं आणि किती महिन्यांची हमी, हे लिहून घे. त्या हमीत गिअरबॉक्सचा जोड धरलाय का ते वेगळं विचार. जुनं इंजिन भंगारात गेलं तरी त्याचे पैसे लागतात, ते बिलातून वजा करून माग. आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत तो आरसीवर चढवून घ्यायला अर्ज द्यावा लागतो. आपलं काम एमएच-१४ मध्ये, पिंपरी-चिंचवडला. इंजिन त्याच मेकचं, त्याच प्रकारचं असलं की हे सरळ होतं. जास्त ताकदीचं किंवा दुसऱ्या गाडीचं बसवायची हौस कुणी सुचवली तर नको म्हण. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की कंपनीच्या मूळ रचनेपलीकडचे बदल चालणार नाहीत. नोंद झाली की विमा कंपनीलाही लेखी कळव. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर क्लेम अडकायला तेवढं पुरतं.

हे लांबणीवर टाकू नकोस, कारण तुझ्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतात. तेव्हा नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल आणि इंजिन नंबर तिथं बघतातच. खासगी मोटारीचं हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झालं आणि मुदत मिळते पाच वर्षांची. तेव्हा इंजिन, सीलं, तेल, माउंटिंग, मजुरी, आरटीओ अशी सगळी बेरीज एका कागदावर मांड आणि तशीच चालू सिटी ऑटोमॅटिक बाजारात कितीला मिळते ते शेजारी लिही. बेरीज त्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर मी खर्च करणार नाही. जावईबापूंना गाडीचा लळा आहे हे मला ठाऊक आहे, त्यांना म्हणावं हा कागद बघून मग बोला. आणि मेकॅनिकला उद्याच सांग की आधी फक्त गिअरबॉक्सचं तेल काढून ठेव, इंजिनाचा आगाऊ पैसा त्यानंतर. तेलाचा रंग काय निघाला ते मला कळव.